झोर्की, ज्युपिटर आणि दादरचा फुलबाजार

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. ऑफिसमधल्या एका मुलाने परवा विचारलं, दादा तुमच्या फोनचा कॅमेरा एवढा भारी आहे मग तो लोखंडी डबा गळ्यात कशाला, आणि त्याला चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं, तेव्हा आता सगळं नीट लिहून काढतो.

माझ्याकडे पहिला रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा फिल्मचा कॅमेरा, आला तो मामाचा. मामा बोटीवर होता, सत्तरच्या दशकात कुठल्यातरी बंदरात त्याने याशिका इलेक्ट्रो ३५ घेतला आणि रत्नागिरीच्या घरी आणला. आमच्या आईच्या माहेरचे जेवढे म्हणून फोटो आहेत, मुंजी, बारशी, गणपती, विहिरीवर पाय सोडून बसलेल्या मावश्या, ते सगळे त्याच कॅमेऱ्याचे. मामा गेल्यावर मामीने कपाट आवरताना तो माझ्या हातात दिला, म्हणाली तुला यातलं कळतं, घेऊन जा. चामड्याच्या केसमध्ये होता आणि केस उघडली तर आत हिरवट पांढरी बुरशी. कोकणात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला पाट मांडून बसवणं आहे, चामडं पावसाळाभर ओल धरून ठेवतं आणि ती ओल हळूहळू लेन्समध्ये शिरते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसत होते. कोणाच्या घरी असा कॅमेरा असेल तर आजच केसबाहेर काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी उन्हं असताना बाहेर काढून शटर दाबा. कॅमेरा वापरात राहिला की टिकतो, सायकलसारखंच आहे ते.

फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने तो साफ करून दिला. याची मूळ बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची, ती आता मिळत नाही, पण ६ व्होल्टची छोटी अल्कलाइन बॅटरी स्प्रिंग लावून बसवली की काम चालतं. रोल घातला, खटका ओढला, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला.

तिथे जे दिसलं त्यासाठी हा सगळा लेख आहे खरं तर.

खिडकीतून बघावं तसं सगळं स्वच्छ दिसतं. अगदी पायापासून आभाळापर्यंत सगळं फोकसमध्ये, काहीच धूसर नाही, कारण तुम्ही लेन्समधून बघतच नसता, बाजूच्या साध्या काचेतून बघत असता. आणि मधोमध एक छोटासा पिवळसर चौकोन. त्या चौकोनात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक जागेवर आणि एक थोडी सरकलेली, भुतासारखी. लेन्सची रिंग फिरवली की ते भूत हळूहळू सरकत येतं आणि एका क्षणी माणसात मिसळतं. दोन नाकं होती त्यांचं एक नाक होतं. झालं, फोकस लागला. मी त्या दिवशी रोल वाया जाईल म्हणून फोटो काढलाच नाही, नुसता अर्धा तास गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली लुगडी जुळवत बसलो.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, एकातून तुम्ही बघता आणि दुसरीतून आलेला प्रकाश आरशाने वळवून मधल्या अर्धपारदर्शक काचेवर टाकलेला असतो. आपले दोन डोळे जसं अंतर ओळखतात तसंच, नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा मिटा, बोट सरकतं ना, तेच. लेन्स पुढे मागे झाली की आतली एक छोटी पट्टी दाबली जाते आणि ती आरसा वळवते. दोन खिडक्यांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढा फोकस अचूक. ऑस्कर बार्नाकने जर्मनीत वेट्झलारला लायट्झ कंपनीत सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, तो लायका म्हणून १९२५ ला बाजारात आला, पण त्यात अंतर अंदाजाने लावायला लागायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये आला, लायकातही आणि झाइस या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्समध्येही, त्याच एका वर्षात.

मामाचा याशिका छान आहे, ४५ एमएम एफ/१.७ ची, भरपूर उजेड घेणारी लेन्स आहे, पण शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते, तो स्वतः ठरवतो आणि कुठला ठरवला ते सांगत नाही, फक्त वर एक पिवळा दिवा लागला तर हात हलेल आणि लाल लागला तर उजेड जास्त, एवढंच. मला सगळं हाताने करायचं होतं. म्हणून मग झोर्की.

झोर्की-४ म्हणजे रशियन, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला, १९५६ ते १९७३ एवढी वर्षं बनत होता. माझ्याकडचा नंबर ६७ ने सुरू होतो म्हणजे १९६७ चा. स्क्रूने लेन्स बसणाऱ्या जुन्या लायकाच्या नमुन्यावरून सोव्हिएत संघात आधी फेड नावाचा कॅमेरा बनला, मग झोर्की, आणि दोन्ही लाखोंनी बनले. लोक याला गरिबाचा लायका म्हणतात, मला ते अजिबात आवडत नाही. हा स्वतःच्या हिमतीवर उभा असलेला कॅमेरा आहे. वजनदार, चौकोनी, माझ्याकडच्याला पट्टा अडकवायला कड्यासुद्धा नाहीत, त्यामुळे खालची अर्धी केस लावूनच गळ्यात घालायचा. पाठीमागचं अख्खं झाकण खाली ओढून निघतं, त्यामुळे रोल भरायला सोपा. चष्मेवाल्यांसाठी एक दांडी आहे जिने व्ह्यूफाइंडरचा नंबर लावता येतो, मला उणे दोन आहे आणि मी चष्मा काढून बघू शकतो, हे सुख ज्याला चष्मा आहे त्यालाच कळेल.

एक नियम मात्र देवघरातल्या नियमासारखा पाळायचा. आधी नॉब फिरवून शटर चढवायचं आणि मगच स्पीडची चकती उचलून फिरवायची. उलटं केलं तर आतले दाते बिघडू शकतात. माझ्या मुलीला कॅमेरा हातात देताना मी तिला हे तीनदा म्हणून घेतलं, आता ती मला आठवण करते.

आणि दुसरी गोष्ट माझ्यावरच गुदरली. याचं शटर कापडाचं असतं, काळ्या रबर लावलेल्या कापडाचे दोन पडदे. साध्या एसएलआरमध्ये, म्हणजे ज्यात लेन्समधूनच बघतात त्या कॅमेऱ्यात, लेन्समागे आरसा असतो त्यामुळे ऊन पडद्यापर्यंत जात नाही, रेंजफाइंडरमध्ये आरसा नाहीच. मी अलिबागला दुपारी कॅमेरा कठड्यावर ठेवला, लेन्स आभाळाकडे, टोपण न लावता, आणि शहाळं प्यायला गेलो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना, तेच झालं. पुढच्या सगळ्या फ्रेमवर एकाच जागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा डाग. मला रात्री झोप लागली नाही. शेवटी फॅब्रिक पेंटच्या काळ्या रंगाचा एक थेंब ब्रशच्या एका केसाने त्या भोकावर लावला, दोन दिवस वाळवला, आणि आजतागायत प्रकाश आत आलेला नाही. तेव्हापासून टोपण लावल्याशिवाय कॅमेरा खाली ठेवत नाही, आणि टोपण लावलं की दुसरा धोका, कारण व्ह्यूफाइंडरमधून टोपण दिसतच नाही, सगळं छान स्वच्छ दिसतं आणि अख्खा रोल कोरा जाऊ शकतो. म्हणून डोळ्याला लावायच्या आधी डाव्या बोटाने लेन्स चाचपायची, ही सवय आता हाताला लागली आहे.

आता लेन्स. ज्युपिटर-८, ५० एमएम एफ/२. या लेन्सबद्दल मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो. हिचा मूळ आराखडा जर्मन, लुडविग बर्टेले नावाच्या माणसाने झाइससाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला, सोनार म्हणून. त्या काळी काचांवर आजच्यासारखं कोटिंग नव्हतं, त्यामुळे जिथे जिथे काच आणि हवा भेटते तिथे थोडा उजेड परत फिरतो आणि चित्र फिकं पडतं. बर्टेलेने सहा काचा तीन गटांत चिकटवून टाकल्या, म्हणजे हवेला भेटणारे पृष्ठभाग फक्त सहा. चित्र खणखणीत. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने जर्मनीतून यंत्रं आणि आराखडे नेले आणि सोनारची झाली ज्युपिटर. हिची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ जाते की एसएलआरचा आरसा तिथे मावणारच नाही, म्हणजे ही लेन्स आणि हा आरसा नसलेला कॅमेरा एकमेकांसाठीच आहेत. एफ/२ ला, म्हणजे पूर्ण उघडी ठेवली की मध्ये धार आणि कडेला जाता जाता सगळं मऊ होत जातं, एकदम नाही, साखर पाण्यात विरघळावी तसं. ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं भोक लहानमोठं करायच्या रिंगला टकटक आवाज नाही, तुपासारखी फिरते. एक मीटरच्या आत फोकस होत नाही, पण माणसाच्या एक मीटरपेक्षा जवळ जायची मला गरजही वाटत नाही.

मी डोंबिवलीला राहतो. रविवारी पहाटेची लोकल पकडून दादरला उतरतो, पश्चिमेला, पुलाखालच्या फुलबाजारात. ज्याला बाजार माहीत आहे त्याला सांगायला नको, पायाखाली चिखल आणि देठं, डोक्यावर करंड्या, "चला साईडला, साईडला" असं ओरडत माणसं अंगावरून जातात, आणि वास, तुळस, निशिगंध, ओला गोणपाट सगळं एकत्र. तिथे उभं राहून फोटो काढायचा तर आय एस ओ ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, काळापांढरा रोल, एफ/२, आणि शटर १/३० सेकंद. एसएलआरमध्ये १/३० ला आरसा फटकन वर उडतो आणि कॅमेरा हलतो, इथे फक्त कापड सरकतं. मी भिंतीला खांदा टेकवून, श्वास सोडून, १/१५ ला पण काढलेत आणि चांगले आलेत.

अजून एक. काही रेंजफाइंडरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये बाजूबाजूचंही दिसत असतं, पुढच्या क्षणी फोटोत कोण घुसणार आहे ते दिसतं. लायकाच्या एम३ मध्ये, १९५४ चा तो, फोटोची हद्द दाखवणाऱ्या चमकत्या रेघा आहेत आणि रेघेबाहेरचंही दिसतं. एका ज्येष्ठ फोटोग्राफरनी मला त्यांचा एम३ पंधरा मिनिटं हाताळायला दिला होता, तसा व्ह्यूफाइंडर मी पुन्हा कुठे पाहिला नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर नुसत्या हवेत चौकट तरंगताना दिसते. झोर्कीत रेघा नाहीत, खिडकीची कड हीच हद्द, पण मी डावा डोळा उघडा ठेवतो. डाव्या डोळ्याने करंडी घेऊन येणारा दिसला की थांबायचं, तो बरोबर मोकळ्या जागेत आला की बोट दाबायचं. फोटो निघतो त्या क्षणी सुद्धा माणूस दिसत राहतो, मध्ये अंधार होत नाही. त्याने त्या क्षणी डोळे मिटले का, हसला का, ते मला तिथेच कळतं.

तिथे एक मावशी बसतात, शेवंती आणि झेंडू विकतात, साताऱ्याकडच्या आहेत. चार महिने मी त्यांच्याकडून देव्हाऱ्यासाठी फुलं घेत होतो मग एकदा विचारलं फोटो काढू का. त्या म्हणाल्या काढा की, काय पैसं पडत्यात का. मी मधला पिवळसर चौकोन त्यांच्या नथीवर धरला, दोन नथी होत्या त्यांची एक केली, काढला. त्यांनी लगेच हात पुढे केला, दाखवा बघू. मी कॅमेरा उलटा करून पाठ दाखवली, म्हटलं मावशी यात दिसत नाही, धुवायला लागतो, पंधरा दिवसांनी आणतो. त्यांना वाटलं मी टाळतोय.

रोल मी घरीच धुतो. आधी एका लॅबमध्ये द्यायचो पण त्यांनी दोनदा निगेटिव्हवर बोटांचे ठसे आणि ओरखडे करून दिले, मग बंद केलं. बाथरूमच्या दाराच्या फटीला जुनी चादर लावायची, दिवा बंद, अंधारात चाचपडत रोल रिळावर चढवायचा आणि टाकीत बंद करायचा. चित्र उमटवायला डी-७६ डेव्हलपर, १९२७ पासूनचं मिश्रण आहे ते, अजूनही तेच चालतं. पाणी २० अंश पाहिजे आणि आमच्या नळाला मे महिन्यात तिशीचं पाणी येतं, म्हणून बादलीत बर्फाचे ट्रे उलटे करायचे. दर मिनिटाला टाकी उलटीपालटी करायची, मग फिक्सर, मग धुणं, मग ओला रोल नळाच्या दांडीला चिमट्याने टांगायचा. तो पहिल्यांदा उलगडून उजेडाकडे धरायचा जो क्षण आहे तो इतक्या वर्षांत एकदाही शिळा झालेला नाही. आमची ही आता स्वतःच विचारते, आलं का काही.

तर पंधरा दिवसांनी मावशींना प्रिंट नेऊन दिला. मला तो फोटो फार आवडला होता, चेहऱ्यावर वरच्या दिव्याचा उजेड, मागचा बाजार विरघळलेला, नथीचा मोती चकाकतोय. मावशींनी चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि मग पुढच्या टोपल्यांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ह्यात पिवळी शेवंती कुठली आन पांढरी कुठली? सगळी एकच दिसती. गिऱ्हाईक काय घेईल?"

मी परत बघितलं आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. तीन टोपल्या होत्या, पांढरी शेवंती, पिवळी शेवंती, केशरी झेंडू, आणि प्रिंटवर पहिल्या दोन जवळजवळ सारख्याच पांढुरक्या. माझं सगळं लक्ष चेहरा आणि लेन्सच्या मऊपणावर, आणि ज्या मालावर ती बाई पहाटे तीनला उठून बसते तो मालच फोटोत मेलेला. ट्रेनमध्ये परत येताना तेच डोक्यात. आजची काळीपांढरी फिल्म सगळे रंग बघते, पिवळं फूल लाल आणि हिरवा दोन्ही प्रकाश परत पाठवतं म्हणून तिला ते जवळजवळ पांढऱ्याएवढंच उजळ दिसतं. सगळेजण पिवळा फिल्टर लावायला सांगतात, आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात, पण इथे पिवळ्याने पिवळं अजूनच पांढरं होणार. पाहिजे उलटा, निळा.

ज्युपिटरला ४०.५ एमएमचा फिल्टर लागतो, चिमुकला, बांगडीतल्या काचेएवढा. निळा शोधायला दोन महिने गेले. तो लावला की उजेड बराच कमी होतो, माझ्या फिल्टरला जवळपास दोन स्टॉप, म्हणजे दोनदा निम्मा, म्हणून पहाटे नाही जमणार, सात साडेसातला ऊन पुलाच्या कडेने तिरकं आत येतं तेव्हाच. आणि इथे रेंजफाइंडरचं मोठं सुख, एसएलआरला निळा फिल्टर लावला की सगळं जग निळं काळोखं दिसतं, इथे व्ह्यूफाइंडर तसाच स्वच्छ, फिल्टर लेन्सवर आहे आणि मी बाजूच्या खिडकीत. फक्त उजेड मोजायचा मीटर कॅमेऱ्यात नाही त्यामुळे दोन स्टॉप आपण आठवणीने द्यायचे.

एक मजेची गोष्ट यातून कळली. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्यात होते, स्वतः फोटो काढायचे. त्या काळी फिल्मऐवजी वापरायच्या ओल्या काचेच्या प्लेटला मुख्यतः निळाच प्रकाश कळायचा, पिवळं आणि तांबडं तिला काळं दिसायचं. म्हणजे निळा फिल्टर लावून मी दादरचा बाजार थोडाफार त्या प्लेटच्या डोळ्यांनी बघत होतो. त्या काळी कोणी झेंडूच्या राशीचा फोटो काढला असेल तर तो कोळशासारखा आला असेल.

दुसरा प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मावशी गडबडीत होत्या, गुरुवार असावा. त्यांनी पदराला हात पुसले, प्रिंट घेतला, आणि बोटाने एकेक टोपली दाखवत गेल्या. ही पांढरी, ही पिवळी, ह्यो झेंडू. पिवळी शेवंती राखाडी आली होती, झेंडू जवळजवळ काळा आणि पांढरी तशीच पांढरी, पाकळ्यांसकट. "त्या दिशी पिवळी पडूनच व्हती, आठ वाजस्तवर," असं म्हणाल्या आणि प्रिंट तागडीच्या मागे पत्र्याच्या फटीत खोचून ठेवला. चेहरा या वेळेला जरा कडक आला आहे, निळ्या फिल्टरने कातडी काळवंडते आणि सुरकुत्या उठून दिसतात, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मलाच ते खुपतंय. चेहरा पहिल्या फोटोसारखा आणि फुलं दुसऱ्यासारखी, असं एकाच फ्रेममध्ये जमतंय का ते बघायचंय. कदाचित फिकट निळा फिल्टर, कदाचित सावलीतला उजेड, कारण उघड्या आभाळाखालच्या सावलीत उजेड मुळातच निळसर असतो, मग फिल्टर लागणारच नाही.

रोल आणि केमिकल धरून एका फोटोला तीसेक रुपये पडतात आणि ते मला मोजावेसे वाटतात. आत्ता झोर्कीत रोल आहे, बावीसावी फ्रेम झाली आहे, चौदा उरल्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला पाय ठेवायला जागा नसते आणि झेंडूचे ढीग माणसाच्या छातीएवढे लागतात. मावशींना सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या मग चारच्या आत या, नंतर मला बघायला पण वेळ नसंल.